ज्यांनी दिलंय त्यांनी बोलावं

"माझ्या पोराला तुम्ही मेल्यावरसुद्धा गैरहजर मांडलंत."

बेव्हर्ली ऑर्मरॉड हे रोज सकाळी रेडिओला सुनावायची. आत मंत्री बोलत असो, जनरल बोलत असो की नुसता हवामानवाला, तिच्या लेखी सगळे एकाच घरचे. किटली उकळेपर्यंत शिव्या, मग चहा.

तिचा ली अफगाणिस्तानात जायच्या आधीच्या सरावात, इंग्लंडच्याच एका माळावर, चिलखती गाडी उलटून गेला. त्याच तुकडीतला, शेजारच्या लोरेन हॅवर्थचा कार्ल पुढे तिकडे पोचला आणि तिकडे सुरुंगावर गेला. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, एकाच टेकाडावर पुरलेले. पण लढाईवर मेलेल्याच्या आईला सरकार चांदीचा क्रॉस देतं, छातीवर लावायला. सरावात मेलेल्याच्या आईला सहानुभूती देतं. सहानुभूतीला मागे पिन नसते.

दर नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाला पॉपीच्या लाल फुलांचं चक्र वाहायचं लोरेनने. जगात कुठे आपली फौज निघाली की पेपरचा बातमीदार दारात येणार लोरेनच्या, आईचं मत विचारायला. बेव्हर्ली पडद्याआडून बघायची. मेलेल्या पोरांवरून दुसरीचा हेवा करणं किती नीचपणाचं आहे हे तिला चांगलं कळत होतं. कळून हेवा थांबत असता तर आणखी काय हवं होतं!

त्या शनिवारी दुपारी माजी सैनिकांच्या क्लबात नवे खासदार आले होते. पूर्वेकडे, रशियाच्या वेशीवर, शांतता राखायला फौज पाठवावी का, यावर गावाचं मत घ्यायला. गाव मत द्यायला कधीच मागे नसतं, विशेषतः हातात बिअरचा ग्लास असला की.

"पाठवा म्हणता, पण फौज आहे कुठे?" नॉर्मन म्हणाला. तो तीस-चाळीस वर्षांपूर्वी जर्मनीत फौजेचा स्वयंपाकी होता आणि अजून सेनापतीसारखा बोलायचा. "सगळी मिळून एका फुटबॉलच्या मैदानात बसेल, वर खुर्च्या उरतील."

"आणि नाही पाठवली तर उद्या रशियावाले इथे येतील," मागून कोणी तरी म्हणालं.

"इथे? तासाला एक बस आहे, तीही येत नाही. ते कसे येतायत?"

हशा विरायच्या आत बेव्हर्ली उठली. "मला बोलायचंय."

"बस गं पोरी," क्लबचा अध्यक्ष एरिक हळूच म्हणाला. "ज्यांनी दिलंय त्यांनी आधी बोलावं. लोरेन आत गेलीय, येईलच आता."

एरिक दुष्ट माणूस नव्हता. लीच्या शवपेटीला त्यानेही खांदा दिला होता. म्हणून तर ते जास्त लागलं.

बेव्हर्ली तडक बायकांच्या बाथरूममध्ये शिरली. तिथे लोरेन आरशासमोर स्वेटरशी झगडत होती.

"अगं बेव्ह, बरी आलीस. धर जरा हा. पिन लोकरीत अडकते मेली."

क्रॉस हातात आला. एवढासा. बेव्हर्लीने तो स्वतःच्या कोटाला लावला आणि आरशात बघितलं. लोरेनही आरशातच बघत होती.

"शोभतोय तुला."

"टोमणे मारतेस?"

"नाही गं बाई." लोरेनने नळ बंद केला. "इतकी वर्षं मी तेच बोलतेय. अभिमान आहे, वाया गेला नाही, पाठवा पोरांना. दुसरं काही बोलायची सोय नाही, एरिकचं तोंड बघवणार नाही. तू आपली सकाळी खुशाल शिव्या घालतेस. भिंतीतून येतात ऐकू. बिछान्यात पडून जळते मी तुझ्यावर."

"माझ्यावर? मग कर अदलाबदल."

"कर की. चल."

बेव्हर्लीला वाटलं, हिला जळायलासुद्धा ऐटीत जमतं. तिने क्रॉस काढला नाही. राहून गेला म्हणाल तर तसं नव्हे. दार उघडलं तेव्हा तो छातीवर आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खासदार नवखे, त्यांना कोण कुणाची आई काय माहीत. चांदी दिसली तसा त्यांनी हात वर करून नॉर्मनला गप्प केलं. "थांबा. आधी या बाईंचं ऐकू या." माइक तिच्या हातात आला.

दुसऱ्याचं पदक छातीवर मिरवणं म्हणजे इथे चोरीपेक्षा हलकट काम. एरिक उठला. "बेव्ह, काढ ते."

"राहू दे, एरिक," मागून लोरेन म्हणाली. "मी दिलाय."

"काय नाव होतं त्याचं?" खासदारांनी मान झुकवून विचारलं.

"ली."

"आणि तो अफगाणिस्तानात...?"

नुसतं हो म्हणायचं होतं. लोरेनने हूं की चूं केलं नसतं. फौजा, मोडक्या गाड्या, खोटारडे मंत्री, सगळं भडाभडा ओकता आलं असतं आणि सगळ्यांनी माना डोलवून ऐकलं असतं. इतकी वर्षं तिला हवी होती ती नजर आता समोर होती. फक्त ती कार्लच्या आईवर होती. ली इथेही गैरहजरच.

"नाही," बेव्हर्ली म्हणाली. "तो पोचलाच नाही. तुमच्या सरावात, तुमच्या गाडीखाली गेला. हा क्रॉस हिच्या कार्लचा आहे. तुम्ही याला बघून थांबलात, मला बघून नव्हे."

खासदारांनी एरिककडे पाहिलं. एरिक बुटांकडे बघत होता.

"पाठवा की नका पाठवू, ते मी मागाहून सांगते. पाठवायची ठरली तर पोरं आधी सरावाला उतरवणार ना? त्यातला एखादा तिथेच मेला, तर तो देशासाठी मेला की नाही?"

"बाई, प्रश्न नाजूक आहे. मी माहिती घेऊन तुम्हाला..."

"माहिती मी दिली की आत्ता. मेला की नाही? इथेच सांगा, या सगळ्यांसमोर."