आगाऊ आभार

आमच्या बेटाचे दोन मतदारसंघ झाले तेव्हा कायद्यात हद्द म्हणून नदी लिहिली. नदीला कुणी विचारलं नाही. पुढच्याच वादळात तिने पात्र बदललं, आणि कोन्सोर्सियाच्या घरामागची नदी घरापुढून वाहू लागली.

तिचा नवरा तिबुर्सियो आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. खासदाराचं पत्र दाखवलं की इस्पितळ फुकट उपचार करतं. जुन्या पत्राची मुदत बुधवारी संपत होती आणि गुरुवारी पहाटे त्याची पाळी होती.

पहिल्या मतदारसंघाचे खासदार विल्यासेरान. त्यांचा चिटणीस दोदोंग तिला मानाने 'नांग', म्हणजे ताई, अशी हाक मारत म्हणाला, "नांग कोन्सोर, तुम्ही आता नदीपलीकडे. तिकडच्या बाईंना भेटा."

"नदी हलली रे, मी नाही हलले!"

"मग नदीला समजवा."

दुसऱ्या मतदारसंघात खासदार दुमालागान बाई. त्यांच्या कचेरीतल्या मिस फेने मतदारयादी चाळली. "मत तिकडे नि मदत इकडे? मजा आहे नांग तुमची!"

मंगळवारी दुपारी कोन्सोर्सिया माझ्या छपाईच्या दुकानात आली. आमच्याकडे गटारावर झाकण बसलं तरी खासदाराचे आभार मानणारा फलक लागतो. माझं घर त्यावरच चालतं. तिने मजकूर सांगितला: तिबुर्सियोच्या उपचारांसाठी दुमालागान बाईंचे मनःपूर्वक आभार.

"पण मदत मिळाली कुठे?"

"आगाऊ आभार मानायला बंदी आहे का? बाईंचा फोटो मोठा लाव. सगळे दात दिसू देत."

बुधवारी सकाळी नऊला फलक रस्त्याकडे तोंड करून कुंपणावर चढला. विल्यासेरान यांच्या कचेरीची जीप रोज तिथूनच जाते. साडेदहाला दोदोंग धापा टाकत हजर.

"नांग, हे काय? इतकी वर्षं पत्रं साहेबांची, आणि आभार हिचे?"

"मी नदीपलीकडची ना? पलीकडचेच आभार मानणार."

"आधी ते उतरवा!"

"आधी पत्र."

बाराच्या आत सही-शिक्क्याचं पत्र आलं. दोदोंग स्वतः शिडीवर चढून दोऱ्या सोडत असताना मिस फे रिक्षातून उतरली.

"आमच्या बाईंना खाली कोण ओढतंय?"

तिच्या हातातही पत्र होतं. फलकाचा फोटो बाईंपर्यंत पोहोचला होता. अशी काही मदत केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण त्यावरचा आपला फोटो आवडला होता. दोघा चिटणिसांची कुंपणापाशी जुंपली. कोन्सोर्सियाने दोन्ही पत्रं पिशवीत घातली आणि भात चुलीवर चढवला.

गुरुवारी पहाटे इस्पितळातल्या कारकुनाने दोन्ही पत्रं पुन्हा पुन्हा उलटीपालटी केली.

"आजोबा, तुम्ही नक्की कुठल्या मतदारसंघातले?"

तिबुर्सियो बाही वर करून खाटेवर आडवा झाला होता.

"सुई टोचू दे आधी," तो म्हणाला. "चार तास आहेत. सावकाश सांगतो."