आत्याच्या स्वप्नांचा कप्पा

आमच्या झोपेच्या दवाखान्यात लोक अंगाला तारा लावून झोपतात आणि उठल्यावर चहा पिता पिता पडलेली स्वप्नं सांगतात. ती डेटाबेसमध्ये जातात, आणि तो डेटाबेस सांभाळते मी. स्वप्नांचं एकच अवाढव्य टेबल, त्याचे वर्षावार कप्पे. कुठला कप्पा कुठल्या डिस्कवर राहील ते मी ठरवते. निदान तसा माझा समज होता.

मला वाढवलं आत्याने. तीही इथलीच जुनी पेशंट. आता वरच्या मजल्यावर असते आणि कोणालाच ओळखत नाही, मला तर नाहीच. दिवसभर आपल्याच धुक्यात. फक्त सकाळी सिस्टर तिची जुनी स्वप्नं वाचतात तेव्हा तिचे डोळे जागे होतात, एखादा शब्दही बोलते. त्या एका शब्दावर माझा दिवस निघतो.

आज सिस्टर खाली आल्या. म्हणाल्या, आत्यांच्या स्वप्नांचं वर्षच उघडत नाही. मी तोऱ्यात सांगितलं, शक्यच नाही. जुनी डिस्क मोडीत काढायची म्हणून मीच तो कप्पा नव्या डिस्कवर हलवला होता, आणि सर्व्हरने काम झाल्याचं कळवलंही होतं. बघते तर नव्या डिस्कवर त्या वर्षाचा मागमूस नाही! मेल्या सर्व्हरने कप्पा नव्याने बांधला खरा, पण मी सांगितलेली जागा विसरून आपल्या नेहमीच्या, जुन्याच डिस्कवर नेऊन ठेवला. कालपर्यंत तिथून वाचता येत होता, म्हणून कोणाला पत्ताच लागला नाही. बॅकअप आम्ही नव्या डिस्कचाच घेत होतो. आणि जुनी काल काढून दुरुस्तीवाल्याकडे दिली होती, पुसून टाकायला.

दुरुस्तीच्या खोलीकडे धावले. वाटेतल्या खोल्यांत पडद्यांमागे माणसं भरदिवसा झोपलेली, त्यांचे श्वास माझ्याबरोबर चालल्यासारखे. बोळ काही केल्या संपेना.

दुरुस्तीवाल्याला आम्ही ‘उद्या’ म्हणतो, कारण कुठलंही काम सांगा, तो उद्यावर ढकलतो. पुसायचंही त्याने ढकललंच होतं. एरवी मी त्याच्यावर मनसोक्त तोंडसुख घेते. आज त्याच्या पाया पडायचंच बाकी राहिलं.

कप्पा परत आणला. या खेपेला सर्व्हरच्या शब्दावर विसंबले नाही, फाइल नव्या डिस्कवर डोळ्यांनी पाहिली. मग वर गेले आणि सिस्टरना म्हटलं, आज मी वाचते.

आत्याच्या स्वप्नात घरात पाणी शिरलं होतं, उजेडासारखं हलकं पाणी. तिच्या खांद्यावर एक पोर. ते टेकवायला ती जागा शोधत होती, पण पलंग, कपाटं सगळं तरंगत दूर चाललेलं. पोर म्हणत होतं, मला इथे ठेवू नकोस. नोंद तिथेच संपत होती.

आत्याने खिडकीवरची नजर काढली.

“नाही ठेवलं मी,” ती म्हणाली. “हात भरून आले, पण खाली नाही ठेवलं.”

मला रडू आवरेना. ती आपला पदर पुढे करून हळूच म्हणाली, “तुम्ही का रडताय, बाई?”