कमरेएवढं धरण

मामांना थापा मारा असं कुणी सांगावं लागत नाही. तोंड उघडलं की थाप आपसूक बाहेर पडते, आणि वर त्यांना वाटतं, आपण समोरच्याचं भलंच केलं. भाच्याच्या लग्नाची बोलणी करायला गेले आणि मुलीच्या बापापुढे छाती फुगवून म्हणाले, "चार धरणं बांधलीत आमच्या पोरानं. या वयात!"

आता ही थाप होती का? म्हटलं तर नव्हती. भाचा धरणांचे आराखडे करायचा, आणि आराखडा खरा उतरतो का हे बघायला एका मोठ्या शेडमध्ये तेच धरण पन्नास पटीनं लहान करून बांधायचा. सिमेंट खरं, दरवाजे खरे, पाणी खरं. फक्त उंची कमरेएवढी. अशी चार त्यानं बांधली होती. धरण भरलं की जादा पाणी जिथून सोडतात तो सांडवा हा त्याचा खास विषय. शिवाय हातात चहा द्या, औषध द्या, शाई द्या, तो ते सांडणारच. म्हणून शेडमध्ये सगळे त्याला सांडव्या म्हणत. होणारी बायकोसुद्धा. ती दातांची डॉक्टर. दाढ काढून घ्यायला गेला आणि चूळ भरायचा पेला त्यानं तिच्या मांडीवर उपडा केला, तिथून हे प्रकरण सुरू झालं.

होणारी म्हणायचं, ते बापानं हो म्हटलं तर. आणि बाप काही साधासुधा नव्हता. फायर ब्रिगेडचा मोठा अधिकारी होऊन रिटायर झालेला माणूस. बायको, मुलगी, दूधवाला, सगळे त्यांना चीफच म्हणत. मामांचं बोलणं ऐकून चीफ म्हणाले, "चार बांधलीत ना? मग एक दाखवा. आधी धरण बघतो, मग हो की नाही ते सांगतो."

सांडव्याची पाचावर धारण बसली. बापाला दुखवून आपण लग्न करणार नाही, हे डॉक्टरनं त्याला स्वच्छ सांगितलं होतं, आणि सांगताना ती रडलीही होती. म्हणजे चीफ नाही म्हणाले की खेळ खलास. "मामा, खरं काय ते सांगून टाकू या," तो म्हणाला.

"आधी कशाला? बघितल्यावर कळेलच की त्यांना!" मामा म्हणाले. अशा माणसाला काय करायचं, तुम्हीच सांगा.

चीफ मुलीला घेऊन आले ते पूर्ण तयारीनं. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, गळ्यात दुर्बीण, खिशात शिट्टी. शेडच्या दारात उभे राहून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लांबवर बघत विचारलं, "कुठाय धरण?"

"हे काय, तुमच्या उजव्या हाताला," सांडव्या म्हणाला.

चीफनी दुर्बीण उजवीकडे वळवली. मग खाली घेतली. मग मान खाली घातली. "हे?"

त्याच क्षणी मामांना कुणाचा तरी फोन आला आणि ते शेडबाहेर पसार झाले. फोन वाजल्याचं कुणीच ऐकलं नाही.

"अरे, आमच्या गच्चीवरची टाकी याच्यापेक्षा मोठी आहे!" चीफ गरजले. सांडव्यानं त त प प करत मोठं धरण, लहान धरण, पन्नास पट, सगळं समजावलं. चीफच्या कपाळावरची आठी काही हलली नाही. धरणाच्या खाली वाळूची नदी होती, नदीकाठी लाकडी ठोकळ्यांचं एक गाव होतं. चीफ वाकून बघू लागले. घरं, पूल, शाळा. प्रत्येक घराला रंगवलेलं दार.

"पाणी कुठवर चढतं ते बघायला ठोकळे पुरे झाले असते. दारं कशाला रंगवलीस?"

"दार दिसलं की आत कुणीतरी राहतंय हे विसरायला होत नाही," सांडव्या म्हणाला आणि उगाच लाजला.

चीफनी एका दारावरून बोट फिरवलं. "चालवून दाखव."

इथं सांडव्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण हा आराखडा आधी दोनदा आपटला होता. सांडव्यावरून धाडधाड उतरलेलं पाणी पायथ्याच्या हौदात उसळावं, तिथल्या तिथं घुसळावं आणि शांत होऊन पुढं जावं, असा कागदावरचा बेत. पाण्याला तो मान्य नव्हता. ते हौदात पाऊलसुद्धा न ठेवता सरळ गावावर धावून जायचं. त्यानं हौद लांब केला होता, खोल केला होता, आदल्या दिवशी पुढची भिंत वाढवली होती. आता देवाचं नाव घ्यायचं. त्यानं डॉक्टरला पाणी सोडायच्या चाकापाशी उभं केलं आणि म्हणाला, "हळूहळू फिरव."

तिनं फिरवलं. धरण भरलं, पाणी सांडव्यावरून उतरलं, हौदावरून उडालं, भिंतीवरून उडालं आणि सुसाट गावात शिरलं. काठची वाळू ढासळली. पहिलं घर तरंगलं, शाळा तिरकी झाली.

"गेलं! भिंत चुकली. माझंच चुकलं," म्हणत सांडव्यानं कपाळाला हात लावला.

आणि शिट्टी वाजली.

"गाव रिकामं करा!" चीफ ओरडले आणि धप्पकन पाण्यात उतरले. एक पाय नदीत, एक हौदात. घरं उचलून बगलेत मारायला लागले. "शाळेत कोण आहे?"

"कुणी नाही चीफ, लाकूड आहे!"

"आत जाऊन खात्री केलीस?"

पण सांडव्याचं आता तिकडं लक्षच नव्हतं. तो हौदाकडे बघत होता. चीफचा गमबूट तिथं बरोबर पाण्याच्या आडवा आला होता. पाणी येऊन बुटावर आदळत होतं, उसळत होतं, गोल गोल घुसळत होतं, आणि पुढं अगदी गुणी बाळासारखं निघून जात होतं. लांबी नाही, खोली नाही, भिंत नाही, मधे एक अडथळा हवा होता!

"पाय हलवू नका!" सांडव्यानं थेट पाण्यात लोळण घेतली आणि दोन्ही हातांनी तो बूट कवटाळला. "चीफ, तुमच्या पाया पडतो, पाय हलवू नका!"

"अरे, पण पूल बुडतोय!"

"पाय काढलात तर बुडेल!"

नेमके याच वेळी मामा परत आले. बघतात तर काय, भाचा नखशिखांत भिजून सासऱ्याचे पाय धरून पडलेला, आणि सासरा पाय सोडवायला बघतोय. मामांना भडभडून आलं.

"चीफ, अहो, किती अंत बघाल पोराचा?"

"सोड म्हटलं तरी सोडत नाही हा!"

"कसा सोडेल? जीव जडलाय त्याचा!"

"कशावर?"

"तुमच्या मुलीवर! आता तरी हो म्हणा!"

"हो! हो म्हणतो! पण आधी कुणीतरी ही शाळा धरा, माझे हात भरलेत!"

मामांनी शाळा धरली आणि हुंदका दिला. "सुनेचा पायगुण ऐकला होता, सासऱ्याचा आज बघितला!" डॉक्टर चाकाला धरून इतकी हसत होती की पाणी बंद करायचंही तिला सुचेना.

शेवटी पाणी बंद झालं. सांडव्यानं बुटाची लांबी, रुंदी, कोन, सगळं मोजून घेतलं, आणि मग खाली मान घालून उभा राहिला. "चीफ, तुम्ही घाईत हो म्हणालात. ते मी धरून चालणार नाही. माझी चार धरणं एवढीच आहेत. आणि आजचंही बुडालंच होतं."

डॉक्टरनं त्याच्याकडे असं बघितलं, की वाटावं, आता भूल न देताच दात उपटेल.

चीफ पायरीवर बसून बूट उपडा करत होते. बराच वेळ पाणीच गळत राहिलं. "मी आयुष्यभर घंटा वाजवत धावलो," ते म्हणाले. "आणि प्रत्येक वेळी उशिरा पोचलो. घर पेटल्यावर. पूर शिरल्यावर. दारं बघायचो ना, ती जळालेली किंवा वाहून गेलेली." त्यांनी बूट पुन्हा झटकला. "हा मुलगा आधीच पोचतो. इथं शेडमध्ये गाव बुडवून बसतो, म्हणजे तिकडं कुणाचं बुडू नये. माझी मुलगी याच्या घरी गेली तर मला रात्री झोप लागेल. हो म्हणजे हो."

सांडव्याला रडू आलं. त्यानं ते लपवलंही नाही.

चीफनी मात्र दुसराही गमबूट जमिनीवर आपटून साफ केला, दोन्ही पायांत चढवले आणि पुन्हा हौदात उतरले. "एका पायानं पाणी जरा डावीकडे ओढ घेत होतं," ते म्हणाले. "जावईबापू, दोन्ही ठेवून बघू. पोरी, फिरव चाक!"