कोमट पाणी

नेरुळच्या आसपास कुणा मुसलमान बाईचा इंतकाल झाला की जमातीतून पहिला फोन नूरीला यायचा. मय्यतीला गुसल द्यायचं, म्हणजे शेवटची आंघोळ घालायची, तर ती नूरीनंच. तिच्यासारखा हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही असं बायका म्हणत, आणि ते ऐकून नूरी जराशी फुगायचीही. का फुगू नये? मेलेल्या माणसाला हात लावायला पुढे येतंय कोण!

हे काम तिला मोरा बंदरावरच्या हव्वा फुफीनं, म्हणजे आत्यानं, शिकवलं होतं. "जीव गेला तरी अंगाला कळतं," फुफी सांगायची. "तान्ह्या पोराला घालतेस तशी आंघोळ घाल. पानी कोमट पायजे. आनि ते कोपरानं बघायचं, बोटांनी नाय. बोटं चुलीला सरावलेली असतात, त्यांचा भरवसा नाय." फुफीची आणखी एक रीत होती, ती कुठल्या किताबात नाही. एकेक अवयव धुताना मनातल्या मनात त्याचे आभार मानायचे. हाता, तू भाकऱ्या थापल्यास, शुक्रिया. कानांनो, तुम्ही अजान ऐकलीत, नवऱ्याची बडबडही ऐकलीत, शुक्रिया. माणूस निघून गेला, आता या बिचाऱ्यांना कोण विचारणार? ही रीत नूरीनं मनापासून पाळली. कोपराची मात्र सोडली. कामावर हात बसला तशी ती सरळ बोटं बुडवून मोकळी व्हायची.

रुकय्या गेली तेव्हाही तिनं बोटंच बुडवली.

रुकय्या तिची लहानपणची मैत्रीण. दोघी मोऱ्याच्या एकाच गल्लीत वाढल्या, एकाच लाँचमधून भाऊच्या धक्क्याला जाऊन लग्नाचे कपडे घेऊन आल्या, आणि म्हातारपणी लेकरांच्या मागून नेरुळच्या फ्लॅटात येऊन पडल्या. तिची मय्यत किचनच्या बाल्कनीत चादरींच्या आडोशाला तख्त्यावर ठेवली होती. रुकय्याच्या लेकीनं, नाझियानं, गीझरच्या पाण्याची बादली आणून ठेवली आणि विचारलं, "बरोबर आहे ना, खाला?"

नूरीनं बोटं बुडवली. "बरोबर हाय."

मग तिनं हाताला कापडी थैली चढवली आणि नेहमीसारखी उजव्या अंगापासून सुरुवात केली. पायांपाशी आल्यावर तिचे डोळे भरले. पायांनो, तुम्ही माझ्याबरोबर धक्क्यावर धावलात, शुक्रिया. नूरीची सून समरा पहिल्यांदाच मदतीला आली होती आणि मान खाली घालून मगानं पाणी ओतत होती. शेवटच्या मगाला पाणी तिच्या मनगटावर उडालं. ती दचकली, पण बोलली नाही.

घरी आल्यावर तिनं मनगट पुढे केलं. कातडी लालबुंद झाली होती, मधोमध फोड आला होता.

"अम्मी, पाणी पोळत होतं."

"मग बोलली का नाय तिथं?"

"मला वाटलं, मय्यतीला असंच लागतं."

नूरी मटकन पलंगावर बसली. रुकय्याचं अख्खं अंग तिनं त्या पाण्यानं धुतलं होतं, हलक्या हातानं, आभार मानत मानत.

त्याच संध्याकाळी तिचे तळवे पेटले. फरशीवर ठेवले तरी आग, बर्फावर ठेवले तरी आग. कपाट उघडलं की गुसलाच्या शेवटच्या पाण्यात घालतात त्या कापराचा वास यायचा, आणि घरात कापराची वडीही नव्हती. दुपारी सगळे कामाला गेले की बाथरूमच्या दाराआडून कुणीतरी हळूच म्हणायचं, "नूरे, पोळतंय गं." तिला नूरे म्हणणारी जगात एकच बाई होती, आणि तिला मातीत जाऊन आठवडाही झाला नव्हता.

मुलगा आतिफ तिला शिरवण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्याला सुई टोचली. कळली नाही. बोटांना टोचली, तीही कळली नाही. साखर वाढली आहे, नसा कमजोर झाल्या आहेत, असं हळूहळूच होतं, आग होते तीही त्याचीच, असं त्यांनी समजावून सांगितलं. नूरीला ते पटलं. पण आग नेमकी त्याच संध्याकाळी का लागली, यावर त्यांच्याकडे गोळी नव्हती.

तिची बोटं मेली होती आणि तिला पत्ताही नव्हता. जगभरच्या बायकांच्या हातापायांचे आभार मानत फिरली, स्वतःच्या बोटांची कधी चौकशी केली नाही. जमातीचा फोन आला की ती समराला सांगायची, "गुडघे दुखतात म्हन." असे दोन फोन परत गेले. तिसऱ्याला मात्र तिचं तिलाच कळलं की रुकय्याची माफी मिळाल्याशिवाय आपल्या हातून हे काम होणार नाही. आणि मेलेल्या माणसाची माफी मागायची तरी कुठे? ती नाझियाकडे गेली.

नाझियानं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माफ कर गं, पोरी."

"अम्मी माफ करेल की नाही, ते मी कसं सांगू?" नाझिया म्हणाली. "खाला, पाणी तर मीच काढलं होतं. अम्मीला सारखी थंडी वाजायची, म्हणून गीझर कायम फुल्ल असायचा. त्या दिवशी मी हात घालून बघितलाच नाही. मय्यतीचं पाणी, मला भीती वाटली. स्वतःच्या आईची भीती वाटली मला." "तुम्हाला आवाज येतो का?"

नूरीनं मान डोलावली.

"मलापण येतो. बाल्कनीतून."

नाझिया उठली. तिनं तीच बादली त्याच नळाखाली लावली, त्या दिवशीइतकीच भरली आणि बाल्कनीत त्याच जागी आणून ठेवली. किती गरम होतं ते एकदा कळलंच पाहिजे, असं दोघींनाही वाटत होतं, आणि ते बोलून दाखवायची गरज नव्हती. कापराचा वास आला. कुणाला आला ते दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

"बरोबर आहे ना, खाला?" नाझियानं विचारलं. तेच शब्द होते.

नूरीनं बाही वर सारली, वाकली आणि कोपर पाण्यात घातलं.

चटका थेट खांद्यापर्यंत गेला. तिनं हात झटकन मागे घेतला आणि ती रडायला लागली. इतकं गरम होतं! इतकं पोळत होतं रुकय्याला! आणि रडता रडता तिला आपल्या काळ्या, सुरकुतल्या कोपराबद्दल असा काही उमाळा आला की विचारू नका. इतक्या बायकांचं सगळं अंग धुतलं, पण कुणाच्याच कोपराचे आभार तिनं कधी मानले नव्हते. आणि शेवटी तेच एक तिच्याशी खरं बोललं.

"गरम हाय," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, आत मातीपर्यंत ऐकू जावं असं. "लय गरम हाय. गार पानी घाल."

नाझियानं मग भरून गार पाणी ओतलं. नूरीनं पुन्हा कोपर बुडवलं.

"अजून घाल."

नाझिया ओतत राहिली. बादली काठोकाठ भरली, पाणी बाल्कनीभर पसरलं, नूरीच्या पायांवरून वाहू लागलं. पायांना काहीच कळलं नाही, पण कोपराला कळलं.

"आता कोमट हाय," नूरी म्हणाली. "हात घालून बघ."

नाझियानं डोळे मिटले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले.