एकोणिसावं काम

इंद्रकुमार बिसेनला 'नाही' म्हणता येत नसे. गोरेगावाबाहेरच्या राइस मिलमध्ये तो बावीस वर्षं होता, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून, आणि त्या अकरा वर्षांत त्यानं कुणाला तोंडावर नकार दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हमाल येऊन म्हणाले, पाण्याच्या टाकीत शेवाळ झालंय, की हा म्हणे, "पाहू, करून टाकू." खुशाल नावाचा फिटर म्हणाला, पट्टा घासलाय, तरी "पाहू, करून टाकू." मग जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल त्याचं काम आधी व्हायचं, बाकीच्यांचं उद्यावर जायचं, आणि संध्याकाळी इंद्रकुमार घरी जाऊन बायकोला सांगायचा की आज फार दमलो. दमायचा तो खराच. असा माणूस सगळ्यांना आवडतो. त्याच्या हाताखालच्यांचं काय होतं, ते कुणी विचारत नाही.

मिल वर्षात एकदाच थांबायची. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेच्या सकाळी यंत्रं बंद होत, पुसली जात, त्यांना हळदकुंकू लागे आणि पुढचे दहा दिवस दुरुस्तीचे असत. मग नवा धान यायला लागला की पुन्हा रात्रंदिवस घरघर. त्या दहा दिवसांत जे झालं ते झालं, जे राहिलं ते वर्षभर तसंच फिरत राही. म्हणजे खरं पाहिलं तर सुपरवायझरनं डोकं चालवायचे दिवस वर्षात दहाच होते. आणि नेमक्या त्या दहा दिवसांत इंद्रकुमार जो ओरडेल त्याच्यामागे धावत असे.

गेल्याच्या गेल्या वर्षी सेठजींचा मुलगा हिमांशू नागपुरातलं शिक्षण संपवून मिलमध्ये बसायला लागला. ऑगस्टात त्यानं इंद्रकुमारला बोलावलं आणि एक कोरी, लाल पुठ्ठ्याची वही पुढे केली.

"काका, इस साल ऐसे भागादौडी नहीं करेंगे. पूरे साल का प्लान बनाइए. जो जो काम है सब लिखिए, और उसमें से पहले तीन कौन से, वो बताइए. दस दिन में तीन काम पक्के होंगे. बाकी का बाद में देखेंगे."

इंद्रकुमारला हे आवडलं. वही छान होती, आणि अक्षर त्याचं शाळेपासून वळणदार. दोन दिवस तो पेन घेऊन मिलभर फिरला. भेटेल त्याला विचारी, "तुमचं काय हाय, सांगा. यंदा सगळं लिवून राहिलो." लोकांनीही सांगितलं. हमालांना बसायला शेड हवं होतं. कोंड्याच्या कोठाराचा पत्रा उडाला होता. बायकांच्या मोरीला दार नव्हतं. जसजशी माणसं भेटत गेली तसतशी कामं उतरत गेली.

एकोणिसावी भेटली धुरपता. धान ओतायच्या खड्ड्याची झाडलोट तिच्याकडे होती. दोन पुरुष खोल असा तो खड्डा, त्याच्या तळाशी धान पुढे ढकलणारा लोखंडी स्क्रू अखंड फिरत असे आणि त्याच्यावर जाड पत्र्याचं झाकण असायला हवं होतं. ते गंजून अर्धं गळून पडलेलं. त्या जागी कुणीतरी एक फळी टाकली होती, तीही पाय लागला की सरके. धुरपता रोज दोनदा शिडीनं खाली उतरून, फळीच्या कडेनं झाडू मारून, सांडलेला धान गोळा करी. वर्षभर दर आठवड्याला ती इंद्रकुमारला अडवत होती.

"भाऊ, लावून राहिले का झाकन? का मी त्याच्यात गेल्यावर लावाल?"

"पाहू ना बाई. मिल बंद झाल्याबिगर वेल्डर खाली उतरत नाही."

या वेळी तो म्हणाला, "हे पाहा, लिवून टाकलं," आणि तिला वही दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली.

एकूण सत्तावीस कामं झाली. आता घोडं अडलं ते पहिल्या तिनावर. इंद्रकुमार घरी वही उघडून बसला की प्रत्येक ओळीमागे एकेक तोंड दिसे. एकाला वर घ्यायचं म्हणजे सव्वीस जणांना खाली बसवायचं, आणि उद्या मिलमध्ये त्या सव्वीस जणांना तोंड दाखवायचं. ते त्याच्यानं होईना. चार दिवस त्यानं वेळ मारून नेली. पाचव्या दिवशी हिमांशूनं पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं सगळ्यात सोपा रस्ता धरला. सेठजींच्या घरी लग्न होतं, पाहुणे मिल बघायला येणार होते, म्हणून फाटकाची रंगरंगोटी पहिली. सेठजींच्या केबिनची फरशी दुसरी. हमाल काम बंद करायची भाषा बोलत होते, म्हणून त्यांचं शेड तिसरं. यातलं कुठलंही काम वर घेतल्याबद्दल कुणी त्याला बोल लावणार नव्हतं. हिमांशूनं तीन ओळी वाचल्या, 'गुड' म्हटलं आणि वहीवर सही केली. चौथ्यापासून सत्ताविसाव्यापर्यंत काय आहे ते त्यानं पाहिलं नाही. हुशार पोरगा होता, पण खड्ड्यात तो कधी उतरला नव्हता.

पूजेच्या सकाळी सेठजींनी ती वही मागवून घेतली आणि विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढे पाना-हळकुंडापाशी ठेवली. नव्या वर्षाचं नवं काम, देवासमोर असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट लागलं, वर कुंकवाचं पाणीही शिंपडलं गेलं. मग ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मंजूला त्यांनी यादी वाचायला सांगितली. एकोणिसावं काम आलं, 'खड्ड्यातील स्क्रूवर झाकण बसवणे', तशी मागे उभ्या असलेल्या धुरपतानं वहीला हात जोडले. इंद्रकुमारनं ते पाहिलं आणि त्याला फार बरं वाटलं.

पूजा झाल्यावर वही तसबिरीबरोबर कपाटात गेली. देवाजवळ ठेवलेली, कुंकू लागलेली वही उठसूट कोण उघडणार? ती आता पूजेची वस्तू झाली होती. वर्षभराचं नियोजन कुलपात बंद करून ठेवणारी मिल जिल्ह्यात दुसरी असेल असं वाटत नाही, पण त्या वेळी कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, इंद्रकुमारला तर नाहीच.

दहा दिवसांत फाटक निळं झालं, केबिनला फरशी बसली, शेड उभं राहिलं. तीन कामं ठरल्याप्रमाणे झाली म्हणून हिमांशूनं पेढे वाटले. वेल्डर शेडसाठी आलाच होता. दीड दिवस त्याला खड्ड्यात उतरवता आलं असतं. पण शेवटच्या दोन दिवसांत सेठजींना फाटकावर लोखंडी कमान हवीशी वाटली, आणि इंद्रकुमार म्हणाला, "पाहू, करून टाकू."

मिल सुरू झाली. दिवाळी गेली, धानाच्या गाड्यांची रांग लागली. एक गोष्ट मात्र बदलली होती. धुरपतानं झाकणाचं नाव काढणं सोडलं होतं. ती रोज खाली उतरे, वर येई, समोर दिसला की "राम राम भाऊ" म्हणे आणि निघून जाई. इंद्रकुमारचा जीव भांड्यात पडला. बाईला समजलं दिसतं, त्याला वाटलं, सगळ्याच गोष्टी एकदम होत नसतात. कटकट थांबली म्हणजे काम मिटलं, असं मानायची त्याला सवयच होती.

जानेवारीत, दुपारच्या जेवणानंतर, फळी सरकली. धुरपताचा पदर आधी गेला, मग तो ओढायला गेलेला उजवा हात. खुशालनं धावत जाऊन खटका पाडला, पण स्क्रू थांबायला जो वेळ लागतो तो लागलाच. गोंदियाच्या दवाखान्यातून तिला नागपूरला नेलं आणि तिथं हात कोपराच्या वरून काढावा लागला. दवाखान्याचं सगळं सेठजींनी केलं, हे सेठजी अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी मिल थांबवली. वेल्डर आला आणि दीड दिवसात झाकण बसलं. हंगामाच्या ऐन भरात, बाहेर गाड्यांची रांग असताना, मिल दीड दिवस थांबू शकत होती. वर्षात दहाच दिवस मिळतात, असं अकरा वर्षं सांगत आलेल्या इंद्रकुमारनं ते दीड दिवस खड्ड्याच्या काठावर उभं राहून काढले. मग त्यानं कपाट उघडायला लावून वही बाहेर काढली. कुंकवाचं पाणी मुरून पानं एकमेकांना चिकटली होती. एकोणिसावी ओळ त्याच्याच वळणदार अक्षरात होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती पुढे महिनोन्‌महिने गेली नाही. धुरपता घरी आली तरी तिच्या घरी जायचा धीर त्याला झाला नाही.

ऑगस्टात हिमांशूनं नवी वही दिली. या वेळी इंद्रकुमारनं कुणाला काही विचारलं नाही. एकट्यानं मिल फिरला, कशानं माणूस मरेल, कशानं जायबंदी होईल आणि कशानं नुसती गैरसोय होईल, ते वेगवेगळं लिहिलं, आणि बावीस कामांवर सरळ काट मारली. त्यात सेठजींचं एक होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नाही म्हणता आलं होतं. ते कुणाला तरी दाखवावं असं त्याला वाटत होतं, आणि ते कुणाला, हेही त्याला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी तो मोटारसायकलवर तिच्या गावी गेला. धानाचं रोवणं संपलं होतं, शेताच्या बांध्यांत पाणी उभं होतं. धुरपता ओसरीवर बसली होती आणि सून चमेली तिचे केस बांधून देत होती.

"बसा भाऊ," धुरपता म्हणाली. "यंदा रोवन्याले गेली नाही मी. पहिल्यांदाच."

इंद्रकुमार बसला. त्यानं पिशवीतून वही काढली.

"यंदा नंबर लावून लिवलं बाई. जीवाचं काम असंल ते आधी. फाटक-बिटक सगळं मागं टाकलं. म्हटलं तुमाले दाखवावं."

तिनं वहीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"त्या वक्ती बी लिवलं होतं ना."

"लिवलं होतं. मंजूनं वाचलं."

"हो. देवापुढं वाचलं. मले वाटलं, आता झालंच. देवाजवर ठेवली वही, मंग मानसाच्या मागं कायले लागाचं? म्हनून चूप बसली मी."

"मले वाटलं, तुमचं समाधान झालं."

"समाधानच झालं होतं," ती म्हणाली. चमेलीनं अंबाडा घातला, काटा खोवला आणि उठून आत गेली. धुरपताच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच इंद्रकुमारला सोसवेना.

"तुमी लिवलं नसतं ना भाऊ, त त्या दहा दिवसांत मी तुमाले जेवू दिलं नसतं. रोज बोंबलली असती तुमच्या मागं. अना तुमी कटाळून का होईना, त्या वेल्डरले खाली उतरवला असता."

इंद्रकुमारनं वही मिटली. ती म्हणत होती ते खरं होतं. तसंच झालं असतं.