भाऊसाहेबांची गुरगुर

मित्रांनो, मी एक म्हातारा तपकिरी कुत्रा आहे. माझ्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आहेत आणि जिना दिसला की मी पायथ्याशीच बसकण मारतो. मला एक अक्षरही वाचता येत नाही, तरी माझं निम्मं आयुष्य शाळेत गेलं.

लहानपणी मी प्राण्यांच्या आश्रमात होतो. लोक जाळीपाशी थांबायचे, मला न्याहाळायचे आणि पुढे जायचे. "हा भुंकतसुद्धा नाही. राखण काय करणार, कपाळ!" असं म्हणायचे. एक दिवस काकू आल्या. त्या रुग्णालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्या परिचारिका. सोबत काका होते. ते म्हणाले, "अगं, हा तर नुसता मातीचा गोळा!"

"गप्प बसून ऐकणारं घरात कुणीतरी हवंच होतं," काकू म्हणाल्या. काकांनी गाडीचं दार उघडलं आणि माझा मुक्काम त्यांच्या घरी हलला.

काकूंनी मला शिकवलं. माझ्यामागे मुद्दाम पातेली पाडली, चाकांची खुर्ची शेजारून नेली, अनोळखी माणसांना माझे कान ओढायला लावले. मी शांत राहायला शिकलो. मग मला मुलांना धीर देणाऱ्या कुत्र्याचं निळं जाकीट मिळालं आणि काकू नि मी शाळेत जाऊ लागलो. पगार नव्हता, पण मान होता. माझ्या गंभीर चेहऱ्यामुळे मुलं मला भाऊसाहेब म्हणत.

माझं काम सोपं होतं. वाचनालयाच्या कोपऱ्यात चटईवर पडायचं आणि मुलं वाचतील ते ऐकायचं. अडखळणारी मुलं माझ्यापाशी बिनधास्त वाचत, कारण मी चुका काढत नसे. एका पठ्ठ्यानं मला मांजराचीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली. तीही मी निमूट सोसली.

मग एका हिवाळ्यात चौथीच्या वर्गाच्या बाई रस्त्यावरच्या अपघातात गेल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आम्हाला बोलावून घेतलं. वर्गात गेलो तर मुलं हाताची घडी घालून बसलेली. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. फळ्यावर बाईंच्या अक्षरातलं गणित तसंच होतं. ते पुसायला कुणी धजावलं नव्हतं.

दोन वेण्यांची एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. सगळे तिला चिमणी म्हणत. तिनं माझा कान उचलला आणि ती कुजबुजली, "मी बाईंना म्हणाले होते, तुम्ही मला मुळीच आवडत नाही. म्हणून गेल्या का रे त्या?"

मित्रांनो, बोलता येत नाही याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झालं. मी तिच्या पायावर हनुवटी टेकवली. काकूंच्या कानांवर ते शब्द गेले होते. त्या खाली बसल्या. "नाही गं बाळा. रागाच्या शब्दानं कुणी मरत नाही. आणि बाईंना काय, मुलं रागावतात हे ठाऊकच होतं."

चिमणीला हुंदका फुटला. तो ऐकून सगळ्या वर्गाचा बांध फुटला. मुलं धावत आली आणि माझ्या अंगावर पडली. कुणी गळा आवळला, कुणी पाठीवर डोकं टेकलं. मला श्वास घेता येईना. मी तोंड फिरवलं, ओठ चाटले. पण कुणी बाजूला झालं नाही. मग माझ्या घशातून गुरगुर निघाली.

सगळे मागे सरले. मोठ्या बाई म्हणाल्या, "त्याला आधी बाहेर न्या."

त्यानंतर जाकीट खुंटीवरच राहिलं. शाळेची वेळ झाली की मी दारापाशी जाऊन बसायचो. काकू म्हणायच्या, "चूक माझी होती रे. मी आधीच त्यांना आवरायला हवं होतं." काकांनी तर मला बिस्किटं देण्याचा सपाटाच लावला.

मग एका सकाळी मोठ्या बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "चिमणी माझ्या खोलीत आली होती. म्हणते, भाऊसाहेबांनी आधी तोंड फिरवलं होतं, मी पाहिलं होतं. तो आमच्यावर चिडला नव्हता, मला सोडा म्हणत होता." मग त्या काकूंकडे वळल्या. "पोर बरोबर बोलली. या दोघं. मात्र आता एका वेळी दोन-तीनच मुलं."

बोलता बोलता त्या फरशीवर बसल्या. "हात लावू का याला?" त्यांनी विचारलं. काकूंनी मान डोलावली. मोठ्या बाईंनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, "चौथीच्या बाई आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो हो." इतके दिवस शाळा सांभाळणाऱ्या त्या बाई माझ्या पाठीत तोंड लपवून ढसाढसा रडल्या. मी हललो नाही.

मित्रांनो, त्यानंतर मी पुन्हा कित्येक वर्षं शाळेत गेलो; आता म्हातारपणी माझं काम थांबलं आहे. पण एवढं ऐका. कुत्र्याला हात लावण्याआधी विचारा. त्यानं तोंड फिरवलं तर त्याला वाट द्या. त्याची गुरगुर ही शिवी नसते. ती त्याची विनवणी असते. आणि घरात, वर्गात एखादं माणूस फारच शांत बसलेलं दिसलं, तर त्याच्याजवळ जाऊन जरा बसा. काही बोलायलाच हवं असं नाही.