दारात अडलेलं नाव

गणपतरावांना घरात सगळे आबा म्हणत. आता म्हणायला घरात कुणी उरलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. बायको शालन देवाघरी गेली, मुलगा राजवीर पुण्यात नोकरीला, आणि मुलगी निशिगंधा हिने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून आबांनीच तिला घराचा उंबरा बंद केलेला. हट्टाला औषध नसतं.

कसबा बावड्याच्या बाजूला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, रिकामा कसा बसेल? जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करून त्यांनी शालनचे सगळे फोटो त्यावर चढवले आणि राजवीरला त्या साईटचा पत्ता कळवला. रोज संध्याकाळी कुणीतरी ते फोटो बघून जायचं. सर्व्हरवर तशी नोंद दिसायची. पोराला आईची आठवण येते, एवढ्यावर आबांना दोन घास गोड लागत.

एकदा राजवीर फोनवर म्हणाला, "आबा, लॉगिन न्हाय म्हणता, मंजी साईट सताड उघडी हाय की! कोणबी बघंल. म्होरं रिव्हर्स प्रॉक्सी लावा, लॉगिन ठेवा."

म्हणजे दारात राखणदार बसवायचा. तो नाव आणि पासवर्ड विचारणार, ओळख पटली तरच आत सोडणार. आबांनी धडपडत शिकून तो बसवला. खाती दोनच, स्वतःचं आणि राजवीरचं. या घरात पासवर्ड म्हणजे म्हशीचं नाव, हा जुना रिवाज. सुरक्षेच्या नावाने बोंब, पण विसरायची भीती नाही.

राजवीर काही आत आला नाही. विचारलं तर म्हणाला, "येळ कुठं हाय, आबा? म्या अजून एकदाबी बघितलं न्हाय."

मग रोज यायचं कोण? आबांनी राखणदाराची नोंद उघडली. कुणीतरी संध्याकाळी येत होतं आणि दारातून परत फिरत होतं. परत फिरणाऱ्याने टाकलेलं नाव तिथे उमटत असे. पहिल्या दिवशी होतं 'निशिगंधा'. दुसऱ्या दिवशी 'निशू'. आणि काल, नावाच्या जागी अख्खं वाक्य: 'आबा, आईला बघू द्या की.'

पत्ता राजवीरनेच बहिणीला दिला असणार. शालन गेली तेव्हाही त्यांनी पोरीला दारातूनच परत लावलं होतं. आता तेच काम यंत्राला लावून दिलं होतं. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

त्यांनी तिसरं खातं उघडलं. नाव, निशू. पण पासवर्ड कळवायचा तर फोन आपणच करायला हवा. फोन कितीतरी वेळ नुसता हातात राहिला. शेवटी त्यांनी लावला.

"निशू, पासवर्ड म्हशीचं नाव हाय."

पलीकडे हुंदका आवरल्यासारखं झालं. "कुठल्या म्हशीचं, आबा?"

"तू गेलतीस तवा दुभती हुती ती."

"चंद्री." मग भीत भीत तिने विचारलं, "हाय का वो अजून?"

"न्हाय, इकली. गोठा मोकळा हाय. घरबी. फोटो कशाला बघतीस, तू ये की."